सणाचं सामान

विडे झाले, सेलूकरकाकूंनी सगळ्यांच्या ओट्या भरल्या आणि बाकीच्या सवाष्णी पाटावरून उठल्या. मी बसूनच राहिले.

"उर्मिला, ऊठ की," काकू म्हणाल्या. "पाय आखडले काय?"

"मुंग्या आल्यात हो जरा," मी म्हणाले आणि हसले. हसले म्हणजे दात दाखवले. खालचा पाट भिजला होता आणि ते मला चांगलं कळत होतं. श्रावणातला शुक्रवार, जिवतीची पूजा. शुक्रवारची सवाष्ण म्हणजे घरी जेवायला आलेली देवीच, आणि देवी बसली होती रक्तात. व्हायला नको होतं असं. मी सगळी व्यवस्था करून आले होते.

समोर खुर्चीवर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांना सगळे आईच म्हणायचे, शेजारपाजारचेसुद्धा. त्या त्यांची नेहमीची गोष्ट सांगत होत्या. "आमच्या घरावर महालक्ष्म्यांची कृपा आहे बाई. वीस वर्षं झाली, ऐन सणात एकदाही सून बाजूला बसली नाही. दुसरीकडं बघा, ऐन वेळेला पुरण घालायला माणूस नाही. आमच्याकडं त्या दोघी सांभाळून घेतात."

बायका माना डोलवत होत्या. परभणीत आमच्या कॉलनीत ही गोष्ट ऐकली नाही असं घर नव्हतं.

माझ्या पोटात कळ आली आणि कपाळावरून घाम ओघळायला लागला. मंदाताईंनी माझ्याकडं बघितलं. मंदाताई म्हणजे माझी थोरली जाऊ, दोन गल्ल्या सोडून राहायच्या. एकदा माझ्या तोंडाकडं, एकदा पाटाकडं बघितलं आणि काय चपळ बाई ती, आवरायला म्हणून उचललेला पाण्याचा तांब्या सरळ माझ्या मांडीवर उपडा केला.

"अगं बाई! काय वेंधळी मी! सगळं लुगडं भिजवलं की हिचं!" असं म्हणत मला दंडाला धरून उठवलं, पाट पायानं मागं सारला आणि त्यावर आपला टॉवेल टाकला. जांभळी साडी होती म्हणून वाचले. बाहेर पडताना त्या माझ्या कानात कुजबुजल्या, "घेतली होतीस ना गं?"

"घेतली होती," मी म्हणाले. "तरी असं झालं."

घरी येऊन न्हाणीत बसले आणि नळ सोडून मोठमोठ्यानं रडले. तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते.

दीड वर्ष हे चाललं होतं. आधी पाळी मागंपुढं व्हायला लागली. मग कधी दोन महिने पत्ता नाही, कधी आठ दिवसांत परत हजर, आणि आली की नुसता नळ सुटल्यासारखी. त्यात अंगाची आग. फोडणी टाकता टाकता मानेपासून असा जाळ चढायचा की गॅस तसाच सोडून मी फ्रीज उघडून त्यात तोंड घालून उभी राहायची. झोप तर माहेरीच निघून गेली होती. आणि संताप! बाई, काय तो संताप! ह्यांनी एकदा जेवताना एवढंच विचारलं, "आज आमटीत मीठ जरा..." पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. मी कुकरचं झाकण भिंतीवर फेकून मारलं. भिंतीचा पोपडा पडला. हे पाटबंधारे खात्यात नोकरीला, जन्मात कुणाशी भांडण नाही. त्यांनी गुपचूप पोपडा झाडून काढला आणि आळणी आमटी पिऊन कचेरीत गेले. मी झाकण उचललं, त्याला पोच आला होता, आणि त्या पोचाकडं बघून परत रडायला बसले.

उपाय काही कमी केले नाहीत. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणून सांगितलं. वैद्यांनी काढा दिला. मंदाताईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मी सगळं केलं. कुणी सांगितलं असतं तर भिंतीला डोकं लावून उभी राहिले असते.

सगळ्यांत वाईट काय झालं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. गच्चीवर कपडे वाळत घालताना एके दिवशी कठड्यापाशी उभी राहिले आणि खाली बघत बसले. फार वेळ. मरावंसं वाटत होतं असं नाही म्हणता येणार, पण खाली बघायची भीती वाटेनाशी झाली होती. मग संभाजीनगरहून अनघाचा, माझ्या लेकीचा, फोन आला. हॉस्टेलच्या मेसमधल्या भाजीबद्दल ती काहीतरी कुरकुर करत होती. तिचं ऐकत ऐकत मी जिना उतरले आणि दाराला कडी घातली. त्या दिवसापासून कपडे अंगणात वाळत घालायला लागले.

सेलूकरांच्या त्या शुक्रवारनंतर हे मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. सहावर काहीतरी निघालं. ते म्हणाले, "पिशवी काढून टाका."

"काढायलाच पाहिजे का?" ह्यांनी विचारलं.

"मुलगी मोठी झाली ना? मग आता काय लोणचं घालायचंय का तिचं?" डॉक्टर म्हणाले.

मला राग यायला हवा होता. पण मी म्हणाले, "काढा. काय काढायचं ते काढा. डोकंसुद्धा काढा."

हे माझ्याकडं बघतच राहिले. ऑपरेशन महालक्ष्म्यांनंतरच्या बुधवारी ठरलं, कारण महालक्ष्म्यांत मी आडवी पडले तर पुरण कोण घालणार? हे डॉक्टरांनासुद्धा पटलं. त्यांच्याही घरी लक्ष्म्या होत्या.

नांदेडला माझी आक्का असते, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला फोनवर सगळं सांगितलं.

"आक्का, ऐकायलीस ना?"

"ऐकायलेय. उर्मिला, डोळे मिटून काढू नकोस. माझी अडतिसाव्या वर्षी काढली, आणि बरोबर अंडाशयंसुद्धा. मला विचारलंपण नाही कुणी. पुढं माझं काय झालं ते तू बघतेच आहेस."

बघत होते ना. शाळेत असताना खो-खोत कुणाच्या हाताला लागत नव्हती ती आक्का आता भिंत धरून जिना चढायची. मनगट दोनदा मोडलं होतं. हसायची, पण उशिरा हसायची.

"मग मी काय करू?" मी ओरडले. "असंच मरू? मला आता एक दिवस निघत नाही गं!"

"माझ्या डॉक्टरबाईंना एकदा दाखव. मुखेडकरबाईंना. मला त्या फार उशिरा भेटल्या. एकदाच ये. मग काढायची तर काढ."

एकदाच, म्हणून गेले. सण आठवड्यावर आला होता. माझ्या डोक्यात सोळा भाज्यांची यादी, आंबिलीची ज्वारी, फराळाचं सगळं आणि त्यात हे झेंगट.

डॉक्टर वसुधा मुखेडकर साठीच्या, सावळ्या, पांढऱ्या केसांचा बॉबकट. खोलीत पंखा मोठा होता म्हणून मला त्या आवडल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कुकरच्या झाकणाचंही ऐकलं आणि हसल्या नाहीत.

"औषधं कुठली चालू आहेत?"

"काही नाही. लोहाच्या गोळ्या दिल्यात, पण त्यानं पोट बिघडतं."

"आणखी काही?"

"नाही हो, काही नाही."

मोठ्या दवाखान्यातही हेच विचारलं होतं. तिथंही मी हेच सांगितलं होतं.

त्यांनी आत नेऊन तपासलं, सोनोग्राफी केली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पिशवीत एक बारीकशी गाठ आहे, ती कित्येक जणींना असते. तेवढ्यानं एवढं रक्त जाणार नाही. आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवावा लागेल. पण कापून काढावी असं मला तरी आज काही दिसत नाही."

"मग रक्त का जातं?"

"तेच शोधायलेय मी."

माझा धीर सुटला. "शोधत बसू नका हो बाई! बुधवार ठरलाय. मी सगळी तयारी केलीय मनाची. काढून टाका आणि मोकळं करा मला. फक्त महालक्ष्म्या होऊ द्या."

"कधी आहेत?"

"पुढच्याच आठवड्यात."

"आणि पाळी तेव्हाच आली तर? तुमची तर कधीही येते म्हणालात."

"सणात नाही येणार. त्याची व्यवस्था असते आमची."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कसली व्यवस्था?"

"गोळ्या असतात ना." मला त्यांच्या अज्ञानाचं नवल वाटलं. एवढी शिकलेली बाई! "पाळी पुढं जायच्या. मंदाताई आणतात सगळ्यांना. परवापासूनच सुरू केल्यात मी. माझी तारीख कळत नाही ना, म्हणून आधीपासून घ्याव्या लागतात."

"म्हणजे आत्ता ती गोळी तुमच्या पोटात आहे."

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही काही नाही म्हणालात."

"अहो, ते औषध कुठं आहे? ते सणाचं सामान आहे." खरंच सांगते, मला तसंच वाटत होतं. केळीचे खांब, वेण्या, कापूर, सुपाऱ्या, गोळ्या. वीस वर्षं त्या त्याच पिशवीतून घरात आल्या होत्या.

बाईंनी पेन परत उचललं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "महालक्ष्म्यांनाच घेता, का आणखी कधी?"

"आणखी म्हणजे सणावारालाच. चैत्रातल्या हळदीकुंकवाला नाही एवढं, पण अक्षय तृतीयेला असतं आमच्याकडं. मग यंदा पुतणीचं लग्न झालं, त्याच्या आधी देवक. अधिक महिना आला, तर जावयाचं वाण. श्रावणात तर चारही शुक्रवार, मला बोलावतात सगळीकडं, माझा पायगुण चांगला म्हणतात. मग महालक्ष्म्या, नवरात्र, लक्ष्मीपूजन, चंपाषष्ठी, संक्रांतीचं वाण, मधूनमधून कुणाचा सत्यनारायण..." बोलता बोलता माझाच आवाज बारीक होत गेला.

"दीड वर्षापूर्वीही एवढंच घेत होता?"

"तेव्हा तारीख ठाऊक असायची. सणाशी गाठ पडली तरच घ्यायची. आता केव्हा येईल ते कळत नाही, म्हणून मग प्रत्येकच वेळी..."

"म्हणजे गोळी बंद केली की रक्त, रक्त थांबतंय तोवर पुढची गोळी. मध्ये मोकळे असे दिवस गेले कधी?"

मी आठवायला लागले. काही केल्या आठवेना. शेजारी हे बसले होते. ते अगदी हळू म्हणाले, "वहिनी देतात ती? मला वाटलं, ती ॲसिडिटीची असते."

मला हसावं का रडावं ते कळेना. मी रडले.

मुखेडकरबाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. "हे बघा, गोळी वाईट नाही. आम्हीही देतो, बघून, मोजून. पण चाळिशीनंतर शरीराचं आतलं सगळंच खालीवर व्हायला लागतं. पाळी जायच्या आधीची काही वर्षं अशीच असतात. दूध आधीच उतू जायला आलंय आणि तुम्ही दर सणाला त्यावर झाकण घालताय, काढताय, परत घालताय. तुमचं रक्त, तुमची चिडचिड, ते गच्चीवरचं..."

गच्चीचं मी त्यांना आत तपासताना सांगितलं होतं. हे दचकून माझ्याकडं वळले. त्यांना ते तेव्हा कळलं.

"...ह्यातलं वयाचं किती आणि गोळ्यांचं किती हे मला आज सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही. आधी ह्या गोळ्या बंद. लोह सलाइनमधून देऊ. तुकड्याचा रिपोर्ट येऊ दे. मग औषध ठरवू. कदाचित तेही हार्मोनचंच असेल. पण ते तुमच्या अंगाकडं बघून देईन, पंचांगाकडं बघून नाही."

"बुधवारचं?"

"बुधवार तूर्त रद्द करा. काढायचीच वेळ आली तर तीही काढू, पण आधी कळू दे कशासाठी."

"आणि आज बंद केली तर..."

"तर तीन-चार दिवसांत रक्त जाणार. सणातच. फार गेलं तर ह्या दुसऱ्या गोळ्या देते त्या घ्या, आणि मला फोन करा, कधीही."

मी उठता उठता विचारलं, "बाई, मी वेडी नाही ना होत?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही फार थकलात."

परतीच्या बसमध्ये ह्यांनी माझा हात धरला तो परभणीपर्यंत सोडला नाही. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, बसमध्ये हात धरायची ही पहिलीच वेळ. मला तर वाईट वाटायला लागलं, की ह्या माणसाला वाटतंय मी आता गच्चीवर जाईन. "जाणार नाही हो," मी म्हणाले.

मी गोळी बंद केली, पण घरात सांगितलं नाही. धीरच होईना. आईंना काय सांगणार? वीस वर्षांची कृपा माझ्यापाशी येऊन तुटणार होती. रोज वाटायचं, घेऊन टाकावी एक. पर्समध्ये पाकीट होतंच. चौथ्या दिवशी सकाळी सुरू झालं. लक्ष्म्या येणार त्याच्या आदल्या दिवशी.

दुपारी मंदाताई सामान घेऊन आल्या. दिवाणखान्यात चटईवर सगळं पसरलं. अनघा सकाळच्याच गाडीनं आली होती. आई खुर्चीत बसून लक्ष्म्यांचे पितळी मुखवटे चिंचेनं घासत होत्या, ते काम त्या कुणाला देत नसत. मंदाताईंनी वेण्या वेगळ्या केल्या, सुपाऱ्या वेगळ्या केल्या, आणि कागदात गुंडाळलेलं एक पाकीट काढून अनघाच्या हातात दिलं.

"हे तुझं. रात्री जेवून घे."

"माहितीय काकू," अनघा म्हणाली आणि मोबाइलवरून मान वर न काढता पाकीट जीन्सच्या खिशात टाकलं. "मागच्या वर्षीपण घेतली होती की."

"मागच्या वर्षी?" मी विचारलं.

"हो. मग दिवाळीत. गॅदरिंगला पण घेतली होती, माझा डान्स होता ना. हॉस्टेलच्या खाली मेडिकल आहे, तो देतो. सगळ्याच घेतात, आई."

एकवीस वर्षांची माझी पोरगी. सुपारी खिशात टाकावी तसं तिनं ते टाकलं.

दीड वर्ष मला माझा राग ओळखू येत नव्हता. कुठला माझा आणि कुठला त्या आजाराचा, काही कळायचं नाही. पण त्या दुपारी जो आला तो माझा होता, नखशिखांत माझा होता. मी तिच्या खिशातून पाकीट ओढून काढलं आणि मंदाताईंच्या पुढ्यात आपटलं.

"हिला नाही द्यायची! कुणालाच नाही द्यायची! आणि मी बाजूला आहे. सकाळपासून. मी पुरण घालणार नाही, लक्ष्म्यांना हात लावणार नाही, मला कुणी काही सांगायचं नाही!"

"अगं हळू!" मंदाताईंनी आईंकडं बघितलं. "कशाला ओरडायलीस? अजून उद्याचा दिवस आहे मध्ये, दोन-दोन घेऊन बघ, थांबेल."

"थांबवून थांबवूनच मरायला टेकले ना मी!"

"मग लक्ष्म्यांचं कोण करणार? मी एकटी? गुडघे बघितलेस माझे?" मंदाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी काय माझ्या मजेला आणते का गं हे? सेलूकरांकडं कुणी झाकलं तुला?"

तेही खरंच होतं.

आईंनी मुखवटा खाली ठेवला. चिंचेचे हात पुढं केले. "दे इकडं ते."

मंदाताई हलेनात. आईंनी परत म्हटलं, "मंदा, दे." मग त्यांनी पाकीट डोळ्यांपासून लांब धरून बघितलं. "काय आहे हे?"

शेवटी अनघाच म्हणाली, "आजी, पाळी पुढं जायची गोळी."

"कुणाची?"

"सगळ्यांची."

आईंनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. मला वाटलं त्यांना समजलंच नाही. मग त्या म्हणाल्या, "किती वर्षं?"

"उर्मिला ह्या घरात आल्यावर दोन-तीन वर्षांनी सुरू केलं," मंदाताई म्हणाल्या. "तिलाही दिलं. आई, तुम्हीच म्हणायचात ना, सणात विघ्न नको."

"विघ्न नको म्हणले होते मी. गोळ्या घ्या म्हणले नव्हते."

"दुसरं कसं जमणार होतं, आई?"

आईंचे ओठ हलत होते. "आणि मी सगळ्या गावाला सांगत फिरले," त्या म्हणाल्या. "लक्ष्म्यांची कृपा, लक्ष्म्यांची कृपा." त्यांनी घासायचा राहिलेला मुखवटा परत उचलला, पण घासला नाही, नुसता मांडीवर घेऊन बसल्या. मला इतकं वाईट वाटलं त्यांचं, की एक क्षण असं वाटलं, खोटं बोलून टाकावं, म्हणावं, नाही आई, एक-दोनदाच घेतली.

संध्याकाळी हे घरी आल्यावर आईंनी त्यांना हाक मारली. "श्रीपाद, मुकटा कुठं आहे तुझा?"

"कपाटात असेल. का?"

"परवा नैवेद्याचं पुरण तू घालायचंस. सोवळ्यानं. मंदा तुला सांगेल. तुझ्या बाबांनी दोनदा घातलं होतं, माझी अडचण होती तेव्हा. काही अडलं नव्हतं लक्ष्म्यांचं." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "उर्मिला वर अनघाच्या खोलीत पडेल. शिवाशिव नको." सोवळं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि मीही तेव्हा वाद घातला नाही. मला आडवं पडायला मिळणार होतं.

नंतरचं सांगून टाकते. तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. बरं वाटायला मात्र वर्ष गेलं. पहिले दोन महिने तर असे गेले की मी मुखेडकरबाईंना फोनवर शिव्या द्यायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. त्यांनी पहिलं जे औषध दिलं त्यानं माझं डोकं ठणकायचं, ते बदललं. मग तांबीसारखी दिसणारी, पण आतल्या आत थोडंथोडं औषध सोडणारी वस्तू बसवली, त्यानं रक्त आवरलं. आगीसाठी दंडाला चोळायचं एक मलम दिलं, झोप आली, आणि झोप आल्यावर माणसं परत माणसांसारखी दिसायला लागली. पाळी पन्नाशी उलटल्यावर आपली आपण गेली. पिशवी अजून माझ्याचकडं आहे. लोणचं घातलेलं नाही.

पण मला आठवतो तो जेवणाचा दिवस. मी वर अनघाच्या कॉटवर पडले होते. पोट दुखत होतं, मुखेडकरबाईंची गोळी घेतली होती. खाली भांड्यांचा आवाज, मंदाताईंच्या सूचना, अनघाचं हसणं. जिन्याच्या तळाशी येऊन हे ओरडले, "उर्मिला, पळी उभी राहिली म्हणजे झालं ना गं?"

"हो!" मी वरूनच ओरडले. "पण हलवत राहा! सोडून जाऊ नका!"

मग बायका जमायला लागल्या. सेलूकरकाकूंचा आवाज आला, खणखणीत. "लक्ष्म्या सुरेख दिसतात हो, आई. आणि उर्मिला कुठंय? दिसत नाही."

मी उशीवरून डोकं उचललं. आता आई काय सांगतात? बरं नाही म्हणतील. माहेरी गेलीय म्हणतील. वीस वर्षांचं त्यांचं नाव होतं कॉलनीत.

"बाजूला आहे ती," आई म्हणाल्या. सगळ्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. "वर पडलीय. निजू दे तिला."

मी डोकं परत उशीवर टेकलं. डोळे मिटायला लागले आणि तेवढ्यात वास आला. खमंग नाही, त्याच्या पुढचा. पुरण खाली लागलं होतं. हे नक्की सोवळं सावरत लक्ष्म्या बघायला गेले असणार. एरवी मी तीन-तीन पायऱ्या उतरत पळाले असते.

वास चांगलाच भरला खोलीत. मी कूस बदलली आणि झोपले.